कुमुदताईने शेवट बदलला नव्हता

कुमुदताई गेल्याची बातमी मला वाचनालयाच्या मोबाइल ग्रुपवर कळली. सकाळचे पोहे समोर होते. तिचा जुना फोटो, निळ्या शालीतला, आणि खाली कुणीतरी लिहिलं होतं : ‘दुःखी कादंबऱ्यांना गोड शेवट देणारी आपली लाडकी कुमुदताई आज स्वतःच्या गोष्टीच्या शेवटाला पोचली.’ त्याखाली जोडलेल्या हातांची लांबच लांब रांग. मी बशी बाजूला सरकवली. रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. दोन दिवसांनी पेपरात छोटा लेख आला, त्यातही तेच. शोकसभेत सहाजण बोलले आणि सहाही जणांनी थोड्याफार फरकाने तेच सांगितलं… ताईचं मन फार मऊ, कुणाचं वाईट झालेलं तिला बघवत नसे, म्हणून ती परदेशी कादंबऱ्या सांगताना शेवट बदलून टाकायची. सभा संपताना आमचे सध्याचे चिटणीस मिलिंद यांनी जाहीर केलं की, ताईच्या स्मरणार्थ दरवर्षी कॉलेजच्या मुलांसाठी एक स्पर्धा घ्यायची. गाजलेल्या कादंबरीचा शेवट आपल्या मनासारखा बदलून लिहायचा. टाळ्या पडल्या. मी मागच्या खुर्चीवर बसून होतो, आणि माझे हात मांडीवरच राहिले.

तिने आयुष्यात एकाही कादंबरीचा शेवट बदलला नाही. हे मला ठाऊक आहे, कारण ती शेवट बदलते हे पहिल्यांदा मीच म्हणालो होतो. तेव्हा हे मीच निस्तरायला हवं.

ताई माझ्या मित्राची थोरली बहीण. इंदुरात बडा गणपतीजवळ आमची घरं समोरासमोर. तिचे वडील कापड गिरणीत कारकून, माझेही तिथेच. लहानपणापासून मी तिला अगं-तुगं करत आलो, म्हणून इथेही तसंच लिहितो आहे. एम. ए. करून ती महूच्या एका शाळेत भूगोल शिकवायला लागली आणि निवृत्त होईपर्यंत रोज बसने जा-ये करत राहिली. लग्न केलं नाही. त्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणायची, बसमध्ये वाचायला जागा मिळते, घरात मिळेलच याची काय गॅरंटी. त्या शाळेत मिस डोरीन नावाच्या अँग्लो-इंडियन बाई इंग्रजी शिकवायच्या. महूतली अशी किती तरी कुटुंबं एकेक करून ऑस्ट्रेलियाला निघून गेली, तशा याही निवृत्तीनंतर भावाकडे पर्थला गेल्या. जाताना ताईला म्हणाल्या, तू आयुष्यभर मुलांना त्या देशाचा नकाशा काढायला लावलास, आता आत राहतं कोण तेही बघ. मग वर्षातून एकदा बोटीने पार्सल यायचं. तपकिरी कागद, सुतळी आणि आत तिकडच्या लेखकांच्या पाच-सहा कादंबऱ्या. डोरीनबाई वारल्यावर पार्सलं थांबली, तेव्हा ताईने दुसरी सोय केली. ओळखीतला कुणाचाही मुलगा सिडनी-मेलबर्नला नोकरीला निघाला की ती पेढे घेऊन त्याच्या घरी हजर. आशीर्वाद द्यायची आणि बजावायची की येताना चॉकलेट आणलंस तर दारात उभं करणार नाही, पुस्तक आण. आमच्या वाचनालयात खिडकीजवळ जे काचेचं कपाट आहे ते असं भरलं. इंदुरात, एका मराठी वाचनालयात, ऑस्ट्रेलियन कादंबऱ्यांनी भरलेलं एक अख्खं कपाट. शोकसभेत बोललेल्या सहाजणांपैकी किती जणांनी ते उघडलं होतं, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत, त्याच कपाटासमोर, शनिवारी दुपारी वीस-पंचवीस जण जमायचे. बहुतेक बायका, थोडे आमच्यासारखे निवृत्त. मराठी वाचणारे, हिंदी बोलणारे, इंग्रजीला बिचकणारे. या कादंबऱ्या मराठीत नाहीत म्हटल्यावर ताई म्हणाली, मग मी सांगते. तिथून सुरुवात झाली. एक कादंबरी तीन शनिवार चालायची. हातात कागद नाही, पुस्तक नाही. पुस्तकाचं नाव ती शेवटी सांगायची, आधी कधीच नाही. नाव आधी कळलं की माणूस नावाशीच बोलत बसतो, असं तिचं म्हणणं. म्हणून मीही इथे नावं देत नाही. कपाट उघडं आहे, येऊन बघा.

पहिल्या शनिवारी ती स्टीलच्या ताटात सेव घ्यायची आणि ताटाच्या कडेकडेने पसरवायची. ही शहरं, हे बंदर, ही नदी. मधला भाग रिकामा ठेवायची. कुणीतरी विचारायचं, ताई, मधे काय? ती म्हणायची, मधे काही नाही, तीच तर गोष्ट आहे. सगळ्यांनी ताट नीट पाहिल्याशिवाय सेवेला हात लावायचा नाही. डिसेंबरातला प्रसंग आला की सगळ्यांना शाली काढायला लावायची आणि ऐन थंडीत पंखा सुरू करायची, कारण तिकडे तेव्हा उन्हाळा. आमचे दात वाजायचे. शालिनीबाई, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, पहिल्या रांगेतल्या, एकदा म्हणाल्या, “ताई, गोष्ट बढिया आहे, पण मला न्यूमोनिया झाला तर शेवट कोण ऐकणार?” तरी पंखा बंद झाला नाही. आणि तिकडची नावं तिने कधी बदलली नाहीत. एडिथची इंदू केली असती तर आम्हाला सोपं गेलं असतं. ती म्हणायची, ती बाई एडिथ आहे, तिला इंदू करून तुम्ही ओळखणार असाल तर ओळखू नका. आता सांगा, जी बाई एक नाव बदलत नव्हती ती शेवट बदलेल?

पुस्तक सुचवायची तिची रीतही भूगोलातली होती. काउंटरशी कुणी आलं, काय वाचू म्हणून विचारलं, की ती विचारायची, तुला कोरडं हवंय की ओलं? कोरड्या म्हणजे आतल्या मुलखातल्या, ओल्या म्हणजे किनाऱ्याच्या. सांवेरहून येणाऱ्या एका शिक्षिकेला तिने कोरडी दिली होती… जमिनीला भोकं पाडत पाणी शोधत फिरणारं एक कुटुंब, बाप प्रत्येक मुक्कामी म्हणतो, इथे लागणार, आणि त्याची मुलगी हळूहळू ओळखायला लागते की त्याला पाणी नकोच आहे, त्याला शोधत राहायचं आहे. त्या शिक्षिकेने पुस्तक परत करताना सांगितलं की, तिने रात्री जेवताना सासऱ्यांकडे वेगळ्या नजरेने बघितलं. ओल्यांमध्ये तिची आवडती होती ती नदीच्या मुखाशी राहणाऱ्या दोन बहिणींची. एकाच स्वयंपाकघरात दोन चुली, बोलणं बंद, आणि भरती आली की दोघींनाही एकाच टेबलावर चढून बसावं लागतं. तिसरी एक आहे, खूप जाड, मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या माणसांच्या मुक्कामावर स्वयंपाक करणाऱ्या बाईची. त्यात चारशे पानं काही घडत नाही आणि माणूस ती खाली ठेवू शकत नाही. ही तीन पुस्तकं मी आता वाचली आहेत, शेवटच्या पानापर्यंत. जमलं तर वाचाच. या पुस्तकांतली माणसं कमी बोलतात, जागा मोठ्या असतात, आणि लेखक तुम्हाला काहीही समजावून सांगायला येत नाही. ताईला ते फार आवडायचं. समजावून सांगणं म्हणजे समोरच्याच्या ताटातला घास आपणच खाणं, असं तिला वाटायचं.

शेवटचं प्रकरण सांगण्याआधी ती उठून दाराला कडी लावायची. त्या खोलीची कडी जुनी, लोखंडी, वर उचलून ठोकून बसवावी लागते, आवाज मोठा होतो. एकदा कडी बसली की कुणी बाहेर जायचं नाही. पाणी प्यायचं ते आधी, फोन करायचा तो आधी. शेवट ऐकायचा तर पुरा.

आता ती कादंबरी, जिच्यावरून हे सगळं सुरू झालं. रेल्वेच्या एका आडबाजूच्या साइडिंगवर राहणारं कुटुंब. नवरा सिग्नल सांभाळतो, बायको एडिथ, एकुलता मुलगा. सुरुवातीलाच त्यांचा कुत्रा साप चावून मरतो आणि मुलगा त्याला पाण्याच्या टाकीखाली पुरतो. पुढे मुलगा मोठा होतो, घोड्यांचा तांडा घेऊन उत्तरेला जातो, आणि तिकडे एका पुरात वाहून जातो. तार येते. एडिथ त्याचे शर्ट धुते, वाळवते, घडी करते, आणि प्रकरण संपतं. मग एक पान कोरं. ही कादंबरी मी आधी वाचली होती. वाचनालयाचा इंग्रजी विभाग माझ्याकडे होता, त्यामुळे सगळं वाचलेलं असणं हे माझं कामच समजलं जायचं. तिसऱ्या शनिवारी ताई कडी लावायला उठली तेव्हा मीही उठलो. महूला एका लग्नाच्या रिसेप्शनला जायचं होतं. मी म्हणालो, माझी वाचून झाली आहे, मला शेवट ठाऊक आहे. ती म्हणाली, “ठाऊक असेल तर मग थांबच.” मी हसून निघालो. मागे कडी ठोकल्याचा आवाज आला.

पुढच्या महिन्यात वार्षिक संमेलन होतं. शालिनीबाईंनी मंचावरून ताईचं कौतुक करताना सांगितलं, ती गोष्ट ऐकून दोन दिवस छान वाटत होतं, शेवटी मुलगा परत येतो आणि आईच्या हातचं जेवतो तेव्हा जीव भांड्यात पडला. त्यानंतर माइक माझ्याकडे आला. मला वाटलं, ही तर मजाच झाली. मी म्हणालो, पुस्तकात तो मुलगा बुडून मरतो, पण आमच्या कुमुदताईचा जीव एवढा हळवा की तिने त्याला पुरातून काढून पानावर बसवलं. सभागृह खदखदून हसलं. कुणीतरी मागून ओरडलं, क्या बात है ताई. ती समोरच्या रांगेत होती. ती हसली नाही. तिने माझ्याकडे बघितलं आणि शाल खांद्यावर नीट केली. त्या दिवसापासून ती ‘गोड शेवटवाली ताई’ झाली. प्रेमाने झाली, हे आणखी वाईट. अपमान केला असता तर कुणीतरी तिची बाजू घेतली असती. प्रेमापासून तिला कोण वाचवणार?

आणि मला आज जास्त संताप येतो तो याचा की कुणालाही शंका आली नाही. एक बाई, भूगोलाची, लग्न न केलेली, शनिवारी बायकांना गोष्टी सांगते… ती शेवट गोड करणारच, असं सगळ्यांना सहज पटलं. हीच कादंबरी मी सांगितली असती तर लोक म्हणाले असते, सुधाकरजींनी लेखकाचा वेगळा अर्थ लावला. तिचा अर्थ कुणी विचारला नाही. तिचं मन तेवढं पाहिलं, तेही न विचारता ठरवून टाकलं. एवढी वर्षं डोळ्यांसमोर कपाट भरत असलेली, एकही नाव न बदलणारी बाई, आणि तिची ओळख काय, तर तिला दुःख सोसत नाही. तिने सांगितलेल्या कादंबऱ्यांमध्ये मेलेली माणसं मोजायला घेतली तर शनिवार पुरणार नाहीत.

बऱ्याच काळाने, कपाटाला वाळवी लागली म्हणून पुस्तकं बाहेर काढत होतो, तेव्हा ती कादंबरी हातात आली. शेवटची पानं चाळली. कोऱ्या पानानंतर आणखी एक प्रकरण होतं. लहानसं. मी पहिल्यांदा वाचताना कोरं पान आलं तेव्हाच पुस्तक मिटलं होतं. त्या प्रकरणात जानेवारीचं ऊन आहे. मुलगा फाटकातून येतो. पाण्याच्या टाकीखालच्या सावलीतून कुत्रा उठतो, शेपूट हलवत त्याच्याकडे जातो. मुलगा पाय धुतो, आई ताट वाढते, तो जेवतो. संपलं. एका शब्दाने कुठे सांगितलेलं नाही की हे खरं नाही. फक्त कुत्रा उठतो. तो कुत्रा, जो पहिल्या प्रकरणात मेला आहे. मी तिथेच धुळीत बसलो.

ताईने हेच सांगितलं होतं. अगदी हेच, जसंच्या तसं. ज्यांना कुत्रा आठवला त्यांना कळलं, ज्यांना दोन आठवड्यांत विसर पडला ते सुखाने घरी गेले. आणि ती गप्प राहिली, कारण समजावून सांगायचं नाही हा तिचा नियम होता. शेवट सांगून झाला की सांगणाऱ्याने गोष्टीबद्दल बोलायचं नाही. तो नियम तिने माझ्या विनोदानंतरही मोडला नाही. मी त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेलो. वाचलं, एवढंच म्हणालो. तिने विचारलं, कोऱ्या पानाच्या पुढचं? मी हो म्हणालो. तिने चहा टाकला. मी म्हणालो, पुढच्या संमेलनात सांगतो. सांगितलं नाही. त्यासाठी माइकवर उभं राहून म्हणावं लागलं असतं की इंग्रजी विभाग सांभाळणाऱ्याने कादंबरी पुरी वाचलीच नव्हती. पुढचं संमेलन गेलं, त्याच्या पुढचंही. दरवेळी कुणीतरी गोड शेवटाचा विनोद करायचं आणि मी सतरंजीकडे बघायचो.

शेवटची भेट तिच्या घरी झाली. दृष्टी जवळजवळ गेली होती, पुस्तकं उशाशी तशीच रचलेली. बोटांनी पुस्तकांच्या पाठी चाचपून कुठलं कुठे आहे ते सांगायची. मी तिच्यासाठी एक नवीन कादंबरी आणली होती, सिडनीहून परतलेल्या एका मुलाने दिलेली. म्हणाली, पहिले बस तर सही, मग वाच. मी दोन प्रकरणं वाचून दाखवली. मध्येच ती म्हणाली, कोरडी आहे. मग तिने डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. तेवढ्यात म्हणाली, “सुधाकर, मी शेवट बदलत नाही. तेवढं तू तरी बोलायला हवं होतंस.” आवाज चढलेला नव्हता. मी म्हणालो, या शनिवारी बोलतो, ताई, नक्की. ती म्हणाली, बघ. शनिवारच्या आत ती गेली.

शोकसभेनंतर मी मिलिंदला गाठलं. त्याला सांगितलं, ही स्पर्धा तिच्या नावाने घेऊ नकोस, ती दुसऱ्या कुणाच्याही नावाने घे, माझ्या नावाने घे. तो बिचारा गडबडला. “काका, मी तर प्रेमाने करून राहिलो होतो ना. आणि बॅनर छापून आलंय.” मी त्याला सगळं सांगितलं, कोऱ्या पानासकट.  तो म्हणाला, पण लोकांना कोण पटवणार, एवढ्या वर्षांची पक्की झालेली गोष्ट आहे. मी म्हणालो, मला तीन शनिवार दे.

पहिल्या शनिवारी मी ताटाच्या कडेने सेव मांडली आणि मधे काही ठेवलं नाही. मला तिच्यासारखं सांगता येत नाही, मी अडखळतो, मध्येच चष्मा शोधतो. कुत्रा मेला त्या जागी जोर द्यावासा फार वाटला. दिला नाही. साप आला, कुत्रा मेला, मुलाने टाकीखाली पुरला, आणि पुढे गेलो. दुसऱ्या शनिवारी पूर आला, तार आली. गेल्या शनिवारी एडिथने शर्टांच्या घड्या घातल्या, आणि मी उठून कडी लावायला गेलो. पहिल्यांदा ती बसलीच नाही. दुसऱ्यांदा ठोकली. त्या आवाजाला सगळे एकदम ताठ बसले, जुनी सवय. मिलिंद भिंतीला टेकून उभा होता, तो खाली बसला.

मी सांगितलं ते पुस्तकातलं, एक वाक्य इकडचं तिकडे नाही. ऊन. फाटक. मुलगा. टाकीखालून कुत्रा उठला, शेपूट हलवत त्याच्याकडे गेला. मुलाने पाय धुतले. आईने वाढलं. तो जेवला. मी पुस्तकाचं नाव सांगितलं आणि थांबलो.

 पहिल्या रांगेत शालिनीबाई हसऱ्या चेहऱ्याने बसल्या होत्या, ही गोष्ट त्यांनी इतकी वर्षं सगळ्यांना सांगितलेली. मग त्यांचं हसू हळूहळू उतरलं.

“पण सुधाकरजी…” त्या म्हणाल्या, “कुत्रं तर मेलं होतं ना. टाकीखाली पुरलं होतं त्याला.”

मी उत्तर दिलं नाही. ताई देत नसे. शालिनीबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग खिडकीजवळच्या कपाटाकडे, आणि पदर तोंडाशी नेला. चहाची वेळ टळून गेली. गल्लीतून दोन टेम्पो गेले. कडी काढायला कुणी उठलं नाही.